काढा ह्यांचा, रिपोर्ट कुणाचा?

"ताई, तुम्हालाही पाठवू का? अगदी रामबाण आहे बघा!"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा दिवस. सालवडच्या आमच्या चाळीत वाण लुटून झालं, तिळगूळ झाला आणि नेहमीप्रमाणे मोबाईल बाहेर निघाले. यंदाचा विषय साडीचा नव्हता की मालिकेचा नव्हता. विषय होता कोलेस्टेरॉल! एकीच्या मोबाईलवर लसूण, आलं, लिंबू, सफरचंदाचं व्हिनेगर आणि मध यांचं मिश्रण. दुसरीकडे अर्जुनाच्या सालीचा काढा. तिसरीच्या सासूबाई रोज सकाळी मेथीदाण्याचं पाणी सगळ्या घराला पाजतात. कोपऱ्यातल्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडे गुग्गुळाच्या गोळ्या चालू आहेत, गावच्या वैद्यांच्या."

बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात हा विषय घरोघरी पोचलाय, त्याचं कारण उघड आहे. सालवड, पास्थळ, सरावली, कुठेही जा, घरटी एक माणूस एमआयडीसीत कामाला. बऱ्याच कारखान्यांत वर्षातून एकदा कामगारांची तपासणी होते. रक्त घेतात, काही दिवसांनी कागद हातात येतो आणि त्यावर एक-दोन आकडे ठळक छापलेले असतात. तो कागद घरी येतो तो थेट बायकोच्या हातात. मग सुरू होतं तिचं काम. तूप बंद, अंडं बंद, काढा चालू!

मी सहज विचारलं, "यजमानांचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. स्वतःचा किती जणींना माहीत आहे?"

आम्ही अकरा जणी होतो. हात वर झाले दोन.

शेजारच्या वहिनी हसून म्हणाल्या, "आपल्याला काय होतंय ताई? आपण तर दिवसभर कामातच असतो."

या वहिनींचीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

आकडा उतरला आणि गोळी सुटली

वहिनींचे यजमान ४६ वर्षांचे. गेल्या वर्षीच्या तपासणीत त्यांचं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो ते, १७८ निघालं. डॉक्टरांनी रात्री एक गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी आकडा ९४ वर आला. घरात आनंदीआनंद! आणि आनंदाच्या भरात गोळी बंद. "नॉर्मल आलं ना आता? मग उगाच कशाला केमिकल पोटात घालायचं?" असं ह्यांचं म्हणणं. त्याच सुमारास वहिनींच्या मोबाईलवर अर्जुनाच्या सालीचा काढा आला. वहिनींनी बाजारातून साल आणली, रोज पहाटे उकळली, गाळली आणि निष्ठेनं दिली. पहिल्या पाळीला जायचं असलं तरी काढा चुकला नाही.

मार्चमध्ये पुन्हा तपासणी झाली. आकडा १६९.

वहिनी कागद घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा रडवेल्या झाल्या होत्या. "ताई, मी काढा करताना काही चुकले का हो?"

मैत्रिणींनो, त्यांचं काही चुकलं नव्हतं. चूक एवढीच झाली होती की गोळीनं खाली आणलेला आकडा हा 'बरं झाल्याचा' पुरावा मानला गेला. मधुमेहाची गोळी बंद केली की साखर चढते, तसंच इथेही होतं. गोळी चालू असते तोवर आकडा धरून ठेवते. ती सोडली की काही आठवड्यांत तो पहिल्या जागी येतो.

हे कोलेस्टेरॉल मुळात येतं कुठून?

बहुतेक जणींना वाटतं, तूप खाल्लं की ते रक्तात तरंगायला लागतं. खरं तर शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. ते शत्रूही नाही. पेशींच्या भिंती, हार्मोन्स, पचनाचं पित्त, सगळ्याला ते लागतं. प्रश्न येतो तो एलडीएल रक्तात जास्त झालं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं की. मग ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात शिरतं, थर धरतं आणि एक दिवस हृदयाची किंवा मेंदूची वाट अडवतं.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. काही जणांच्या पापण्यांच्या कडेला पिवळसर चट्टे दिसतात, पण बहुतेकांना काहीच दिसत नाही. त्यामुळे 'काढ्यानं हलकं वाटतंय' यावरून काहीही ठरत नाही. रक्त तपासल्याशिवाय ते कळतच नाही. दोन, बारीक माणसाचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं असू शकतं. काही घराण्यांत ते आनुवंशिक असतं. एलडीएल १९० च्या वर असेल किंवा घरात कुणाला चाळिशी-पन्नाशीतच हार्ट अटॅक आला असेल, तर मुलांचीसुद्धा तपासणी करायला हवी.

डब्यातल्या औषधांचा हिशोब

आता मूळ विषयाकडे येऊ. आजीच्या बटव्यातल्या या वस्तू खोट्या आहेत का? अजिबात नाही. पण प्रत्येकीची ताकद वेगळी, प्रमाण वेगळं. एकेक डबा उघडून बघू.

मेथी. मेथीदाण्यात पाण्यात विरघळणारा तंतू, म्हणजे चोथा, भरपूर असतो. दाणे भिजवले की बुळबुळीत होतात ना, तोच तो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर बरंच काम झालं. १९९० च्या दशकातल्या एका अभ्यासात मधुमेहाच्या रुग्णांना रोज २५ ग्रॅम मेथीपूड दिली गेली आणि त्यांचं कोलेस्टेरॉल खाली आलेलं दिसलं. पण २५ ग्रॅम म्हणजे किती? चहाच्या एका चमच्यात चारेक ग्रॅम दाणे मावतात. म्हणजे सहा चमचे! आपण चमचाभर दाणे भिजवतो, वरचं पाणी पितो आणि बऱ्याच घरांत दाणे टाकून देतो. तंतू तर दाण्यातच राहिला! तेव्हा मेथी घ्यायची तर दाणे चावून खा, मोड आणून उसळ करा. मधुमेहाची गोळी चालू असेल तर मेथी वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण साखर जास्त उतरू शकते.

लसूण. यावर सगळ्यांचा सर्वात जास्त विश्वास. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम वाढलेलं कोलेस्टेरॉल असलेल्या १९२ जणांना सहा महिने, आठवड्यातले सहा दिवस लसूण दिला. कुणाला कच्चा, कुणाला लसणाच्या गोळ्या आणि कुणाला नुसत्याच दिखाऊ गोळ्या. एलडीएलमध्ये काही फरक पडला नाही. म्हणून लसूण सोडायचा का? मुळीच नाही. लसणाच्या फोडणीमुळे पालेभाजी गोड लागते, मीठ कमी चालतं. तो त्याच्यासाठीच खा. मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कच्च्या लसणाचा मारा करू नका.

अर्जुनाची साल. आपल्या आयुर्वेदात अर्जुनाला मोठा मान आहे. अकराव्या शतकातल्या चक्रदत्त या ग्रंथात हृदयरोगासाठी अर्जुन सांगितलेला आहे. दुधात सिद्ध केलेला अर्जुन क्षीरपाक वैद्य आजही देतात. कोलेस्टेरॉलवर आपल्या देशात झालेले अभ्यास आहेत, त्यांतले काही आशादायकही आहेत, पण ते लहान आहेत. 'गोळीऐवजी अर्जुन' असं म्हणण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही. शिवाय बाजारात पुडीत बांधून मिळणारी साल अर्जुनाचीच आहे का, हे आपण कसं ओळखणार? घ्यायचीच तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडून, आणि आपली दुसरी औषधं त्यांना दाखवून.

गुग्गुळ. याची गोष्ट मोठी रंजक आहे. डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचलं आणि त्यावरून गुग्गुळाचा अभ्यास हाती घेतला. १९६६ साली त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. एका बाईनं जुन्या ग्रंथातून नवा प्रश्न शोधला, केवढी मोठी गोष्ट! पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं त्यातून औषध तयार केलं आणि ते भारतात बाजारातही आलं. आपल्याकडच्या अभ्यासांत त्याचा गुण दिसला होता. पण २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे प्रयोग झाला, त्यात गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरण्याऐवजी ४ ते ५ टक्के वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. म्हणजे प्रश्न अजून सुटलेला नाही. दुसरी काळजीची बाब अशी की, राजस्थान-कच्छच्या कोरड्या भागात वाढणारं गुग्गुळाचं झुडूप डिंकासाठी ओरबाडल्यामुळे आता अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत गेलं आहे.

जवस. विदर्भ-मराठवाड्याकडच्या मैत्रिणींना जवसाची चटणी सांगायला नको. आमच्या चाळीत खानदेशातून, विदर्भातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत, त्यांच्यामुळे ती इथेही रुळली. जवसावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा कोलेस्टेरॉल थोडंसं उतरतं असं दिसलं, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये हा फरक जास्त स्पष्ट होता. अट एकच, जवस भाजून कुटलेलं हवं. अख्खे दाणे तसेच पोटातून निघून जातात.

इसबगोल. ज्याला आपण फक्त बद्धकोष्ठाचं औषध मानतो, ते या सगळ्या डब्यांतलं सर्वात भरवशाचं! आपल्या शेजारच्या गुजरातेत, उंझा-सिद्धपूरकडे, त्याचा मोठा व्यापार चालतो. त्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्त बनवतं. इसबगोल आतड्यात त्या पित्ताला धरतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. मग नवं पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. रोज साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोनेक मोठे चमचे भुसा नियमित घेतला तर एलडीएल ५ ते १० टक्के उतरू शकतं. १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तसा उल्लेख वेष्टनावर छापायला परवानगी दिली. मात्र मोठा ग्लासभर पाणी त्याच्याबरोबर हवंच, नाहीतर घशात गोळा अडकायचा. आणि बाकीच्या गोळ्या त्याच्याबरोबर घेऊ नका, नाहीतर गोळ्याही तेच धरून ठेवतं. थायरॉईडची गोळी आणि इसबगोल यांत निदान चार तासांचं अंतर ठेवा.

आवळा, दालचिनी, गुळवेल. आवळा जरूर खा. त्यावरचे अभ्यास लहान आहेत, पण फळ म्हणून तो उत्तमच. दालचिनी मसाल्यापुरती ठीक. बाजारातल्या जाड सालीच्या दालचिनीत कूमारिन नावाचं द्रव्य असतं, ते रोज चमचा-चमचा पोटात गेलं तर यकृताला त्रास देऊ शकतं. गुळवेलीचंही तसंच. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे झाले. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवू, पण 'झाडपाल्याचं आहे, अपाय काही नाही' हे वाक्य मात्र आता आपण सोडायला हवं. ज्याचा गुण येतो त्याचा अवगुणही येऊ शकतो.

गोळी तरी कुठून आली?

"ते केमिकल आणि हे नैसर्गिक," असं वहिनींचे यजमान म्हणत होते. त्यांना मी एक गोष्ट सांगितली.

अकिरा एंडो नावाचे एक जपानी शास्त्रज्ञ होते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. बुरशीमध्ये औषध सापडेल या आशेनं त्यांनी हजारो प्रकारच्या बुरशा तपासल्या. शेवटी १९७३ साली तांदळाच्या नमुन्यावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हवं ते सापडलं. यकृत जिथे कोलेस्टेरॉल बनवतं तिथलीच किल्ली बंद करणारं द्रव्य! आज ज्यांना स्टॅटिन म्हणतात त्या गोळ्यांचं घराणं इथून सुरू झालं. या जातीची पहिली गोळी १९८७ साली अमेरिकेत बाजारात आली. एंडो २०२४ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले. म्हणजे पावसाळ्यात आपल्या तांदळाच्या डब्याला जी बुरशी येते, तिच्याच कुणा बहिणीच्या पोटातून ही 'केमिकल' गोळी जन्मली! फरक इतकाच की तिच्यातलं द्रव्य वेगळं केलं, मोजलं आणि हजारो माणसांवर तपासलं.

हा फरक किती पडतो? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं २०२२ साली थेट तुलनाच करून पाहिली. १९० जणांचे गट पाडले. काहींना स्टॅटिनची कमी ताकदीची गोळी, बाकीच्यांना लसूण, दालचिनी, हळद, माशाचं तेल अशी वेगवेगळी पूरकं आणि एका गटाला दिखाऊ गोळी. २८ दिवसांत स्टॅटिनच्या गटाचं एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं. पूरकांपैकी एकही दिखाऊ गोळीच्या पुढे गेलं नाही.

गोळीला त्रासच नाही असं मी म्हणत नाही. काहींचे स्नायू दुखतात, क्वचित यकृताचे आकडे वाढतात. पण २०२० साली लंडनमध्ये झालेला एक प्रयोग ऐका. त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी, काही महिने दिखाऊ गोळी दिली. जो त्रास खऱ्या गोळीनं झाला, त्यातला ९० टक्के दिखाऊ गोळीनंही झाला! म्हणजे भीतीसुद्धा अंग दुखवते. खरंच त्रास होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. प्रमाण कमी करता येतं, गोळी बदलता येते. खर्चाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं बऱ्याच कमी किमतीत मिळतात.

आता आपल्याबद्दल बोलू

माझी एक मावशी डहाणूकडची. वय ५८, सडपातळ, दिवसभर वाडीत राबणारी. एका संध्याकाळी तिला पाठीत आणि जबड्यात दुखायला लागलं, घाम आला, मळमळलं. आम्ही सगळ्या बायकाच घरात. कुणी ओवा दिला, कुणी सोडा दिला, कुणी पाठीला तेल चोळलं. "पित्त झालंय" यावर सगळ्यांचं एकमत. तीन तास गेले. तो हार्ट अटॅक होता. मावशी वाचली, पण हृदय कमजोर झालं, आणि जिनं आयुष्यभर पाण्याचे हंडे वाहिले तिला दोन जिने चढवेनात. तिच्या रक्ताची तपासणी त्याआधी एकदाही झालेली नव्हती. काकांची मात्र दरवर्षी व्हायची!

बायकांमध्ये हार्ट अटॅक असाच फसवा येतो. छातीत दुखतंच, पण कधी पाठ, जबडा, मान दुखते, दम लागतो, मळमळतं, अकारण थकवा येतो. अशा वेळी ओव्याचा डबा शोधण्याआधी गाडी शोधा आणि जिथे ईसीजी काढतात तिथे पोचा.

आणखी दोन गोष्टी खास आपल्या. पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेन हार्मोनचं थोडं संरक्षण असतं. पाळी गेली की एलडीएल वाढू लागतं, जेवण तेच असलं तरी. आणि दुसरी, थायरॉईड. थायरॉईड मंदावलं की कोलेस्टेरॉल चढतं, आणि हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त.

आमच्या वहिनींचं नेमकं तेच निघालं. मार्चमधल्या त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "चला, तुमचंही रक्त देऊन येऊ." त्या तयार होईनात. "माझ्यावर कशाला खर्च?" शेवटी यजमानच म्हणाले, "जा गं, माझ्यासाठी एवढा काढा केलास तर हेही कर." वहिनींचं एलडीएल १६२ आणि थायरॉईडचा आकडा चांगलाच वाढलेला! सतत येणारा थकवा, गळणारे केस, वाढलेलं वजन, सगळ्याचा उलगडा झाला. थायरॉईडची गोळी सुरू झाली आणि चार महिन्यांनी कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी न घेताच एलडीएल ११८ वर आलं. विचार करा, त्यांनी वर्षभर अर्जुनाची साल उकळून प्यायली असती तरी थायरॉईड सापडलं असतं का?

बाळाचा विचार करत असाल किंवा दिवस गेले असतील तर एक लक्षात ठेवा. स्टॅटिन चालू असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. अशा वेळी ते सहसा ही गोळी थांबवतात. आणि कुठलाही काढा, चूर्णही विचारल्याशिवाय नको.

आपल्या बाजारातलंच ताट

ओट्सचे महागडे डबे आणायलाच हवेत असं नाही. तंतू आपल्या बाजारातही मिळतो. वाल, चवळी, हरभरा, कुळीथ, भेंडी, गवार, पेरू, यांनी ताट भरा. पावसाळ्यात आदिवासी बायका टोपल्यांतून टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला घेऊन बसतात, त्या पालेभाज्या नक्की घ्या. आपल्याकडे तांदळाची भाकरी आणि पुन्हा भात असं जेवण असतं, तिथे भात एक वाटी कमी आणि उसळ एक वाटी जास्त एवढा बदल पुरे.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली जरूर खावी. त्यांतल्या तेलानं रक्तातले ट्रायग्लिसराईड्स उतरायला मदत होते. पण कालवण करा, रोज रवा लावून तळू नका. सुके बोंबील आणि जवळा चवीपुरते, कारण त्यांत मीठ फार. वनस्पती तूप, पामतेल, बेकरीची खारी-नानकटाई, पाळीवरून येताना स्टेशनबाहेर खाल्लेला वडा, यांवर खरा लगाम हवा. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. घरात तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास राहील असं बघा. महिन्याचं सामान भरताना हा हिशोब करून पाहा, डोळे उघडतात!

जवसाची चटणी आमच्या खानदेशी शेजारणीकडून शिकलेली. एक वाटी जवस कोरडंच मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. गार झालं की सात-आठ लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं आणि बेतानं मीठ घालून जाडसर कुटा. थोडी थोडीच करा, फार दिवस राहिली की खवट होते. रोज जेवताना एक-दोन मोठे चमचे.

हे कापून फ्रिजवर लावा

• लिपिड प्रोफाईल ही साधी रक्ततपासणी आहे. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ साली सांगितल्याप्रमाणे ती वयाच्या अठराव्या वर्षीच एकदा करून घ्यावी. पहिल्या तपासणीला उपाशी असायलाच हवं असं नाही.

• एलडीएल सर्वसाधारण माणसाचं १०० च्या खाली बरं. मधुमेह, हृदयविकार असेल तर डॉक्टर त्याहून खालचा आकडा सांगतील. स्वतःची शेजारणीशी तुलना नको.

• कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तर बायकांनी थायरॉईडची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

• आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरून घेतात. तेव्हा "मला काही नाही" म्हणून टाळू नका. बीपी आणि साखर तिथेच बघून घ्या, आणि कोलेस्टेरॉलची सोय सरकारी दवाखान्यात कुठे आहे तेही विचारा.

• चालू गोळी परस्पर बंद करायची नाही. काढा, चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना सांगायचं आणि वैद्यांना गोळ्या दाखवायच्या. लपवायचं कुणापासूनच नाही.

• 'हृदयरोग कायमचा बरा' अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. १९५४ च्या कायद्यानं अशा जाहिरातींना बंदी आहे.

• कुठलाही उपाय तीन महिने केलात की रक्त तपासा. आकडा उतरला तर उपाय खरा. नाही उतरला तर रामबाण कितीही जणांनी पाठवलेला असो, तो आपल्या कामाचा नाही.

वहिनींच्या घरी आता यजमानांची गोळी पुन्हा चालू झाली आहे. अर्जुनाचा काढा वैद्यांना विचारून बंद केला. मेथीची उसळ आणि जवसाची चटणी मात्र राहिली, कारण ती सगळ्यांना आवडते. फ्रिजवर आता दोन कागद लावलेत, एक ह्यांचा आणि एक त्यांचा.

परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून काय देऊ? प्लास्टिकचे डबे सगळ्यांकडे झालेत."

मी म्हटलं, "इसबगोलाची पुडी द्या!"

त्या म्हणाल्या, "नाही हो. मी सगळ्यांना विचारणार आहे, तुमचा आकडा किती?"